गाडीचं ॲव्हरेज

"नऊ!" पराग म्हणाला. "बाबा, लिटरला फक्त नऊ. गाडी नाही, हत्ती पाळलाय आपण."

रविवारी सकाळी कोलकात्यातल्या बालीगंजच्या एका इमारतीखाली गाडीवाले जमायचे. गाड्या सगळ्यांच्या छोट्याच, पण बोलणी विमानाची. आज जयप्रकाशांच्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि सगळे आत डोकावत होते. जयप्रकाशांची बायको शैला जिन्याच्या पायरीवर उभी राहून ऐकत होती.

"हे नवं इथेनॉलवालं पेट्रोल," शैलाला बौदी, म्हणजे वहिनी म्हणणारे शेजारचे तरफदारबाबू म्हणाले. "माझं ॲव्हरेजसुद्धा उतरलंय."

"काका, इंजेक्टर साफ केलेत? टायरमधली हवा बघितलीत?" अशोक दाबकेनं विचारलं. तो बँकेच्या बदलीवर नागपूरहून आलेला.

"सगळं झालं. प्लग बदलले, फिल्टर बदलला. मेकॅनिक म्हणतो दोष नाही. म्हणजे त्याला सापडत नाही." परागनं बॉनेट खाली आपटलं. "उद्या फ्लायओव्हरवर बंद पडली आणि आत बाबा असले तर? मी गिऱ्हाईक बघितलंय. विकून टाकू."

जयप्रकाश बॉनेटवरचे बोटांचे ठसे नुसते पुसत राहिले. एरवी गाडीला कुणी खटारा म्हटलं तर हा माणूस दोन घास कमी जेवायचा. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा हुकूम चालायचा तो एवढ्या एका यंत्रावर. ते गेलं की माणूस गॅलरीतल्या खुर्चीत बसणार. आणि एकदा बसला की उठायचा नाही. शैलानं अशी माणसं पाहिली होती.

"कोण विकतंय बघते मी," ती पायरी उतरून आली. "तुझी वरात या गाडीतून आली. एक दिवस रस्त्यात उभी राहिली नाही. तुझा मोबाईल दुपारपर्यंत टिकत नाही आणि आलाय इंजिनाचं शहाणपण सांगायला! पेट्रोल चोरीला जातंय, दुसरं काही नाही."

रखवालदाराला विचारलं. त्यानं आईची शपथ घेतली. टाकीला कुलूपवालं झाकण बसवलं. ॲव्हरेज आणखी खाली गेलं.

आता शैलाचं कशात लक्ष लागेना. पराग जेवताना गिऱ्हाइकाचा विषय काढायचा आणि ती त्याच्या पानात नको असताना भात वाढायची. जयप्रकाश मात्र रोज सकाळी गाडी घेऊन गरियाहाटच्या बाजारात जात. पुष्कळदा पिशवी रिकामीच परत येई. कधी भेंडी जून होती, कधी गर्दी फार होती.

"भाजी बघायला जाता की मुलगी बघायला? एकसुद्धा पसंत पडत नाही ती!" शैला म्हणायची. ते हसायचे आणि पेपर उघडायचे.

त्या बुधवारी ते गेले आणि पिशवी खुंटीवरच राहिली. शैलाचं लक्ष बऱ्याच वेळानं गेलं. फोनही टेबलावरच होता. आता रुमालात बांधून आणणार आहेत का बटाटे, असं पुटपुटत तिनं चपला घातल्या. चालतच बाजार गाठायचा म्हणून ती खाली आली.

गाडी जागच्या जागी होती. इंजिन चालू. काचा वर, एसी सुरू. जयप्रकाशांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि नजर समोरच्या भिंतीवर. कपाळाला घाम होता.

तिनं काचेवर टकटक केलं. काच खाली आली.

"अहो, गेला नाहीत अजून?"

"निघालोच." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. हळू आवाजात विचारलं, "कुठं जायचं होतं गं?"

शैलानं खिडकीच्या कडेवर हात ठेवला.

"आठवतं मला. थोडा वेळ बसलो की आठवतं. नाहीच आठवलं तर वर येतो." त्यांनी तिचा हात धरला. "परागला नको सांगूस."

पलीकडे तरफदारबाबू आपल्या गाडीची काच पुसत होते. एवढ्या वर्षांच्या शेजारानं त्यांना मराठी समजायचं. त्यांचं फडकं काचेवरच थांबलं.

तेवढ्यात ऑफिसची बॅग खांद्याला लावून पराग खाली उतरला.

"आई? काय झालं? बाबा, गाडी चालू ठेवून काय बसलात?"

जयप्रकाशांनी हात सोडला. शाळेत पकडलेल्या पोरासारखे ते शैलाकडे बघत राहिले.

शैलानं पदर खोचला आणि बॉनेटवर जोरात थाप मारली.

"बसतील नाही तर काय करतील? कधीचे खटपट करतायत! गिअर टाकला की गचका देते, जागची हलत नाही मेली. रोज हाच तमाशा. बिचारे सांगत नव्हते, मी बोलेन म्हणून. तू म्हणत होतास तेच खरं. इंजिन गेलंय. बोलव तुझ्या गिऱ्हाइकाला. आजच बोलव."

तू म्हणत होतास तेच खरं, हे वाक्य परागनं आईच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. तो गोंधळला. गाडीतून तर शिवणयंत्र चालावं तसा एकसारखा आवाज येत होता. कान देऊन ऐकायला तो बॉनेटवर वाकला.

तरफदारबाबू फडकं टाकून पुढं आले. खिडकीतून आत हात घालून त्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली.

"बौदी बरोबर सांगतायत, पराग," ते म्हणाले. "हे इंजिन आता काही खरं नाही."