खटखट

"गणिताच्या स्पर्धेनं पोरांची एकाग्रता वाढते," असं शाळेतले सर म्हणाले आणि बुऱ्हाणपूरच्या सुकलालनं ते मनावरच घेतलं. लेक पूर्णिमाच्या अभ्यासात खटखट नको, म्हणून स्पर्धेआधी आठ दिवस त्यानं घरातले चारही पावरलूम बंद ठेवले.

"ऑर्डर हातची जाईल," बायको कुरकुरली.

"जाऊ दे. पोरीचं डोकं शांत राहिलं पाहिजे."

पेपर देऊन पूर्णिमा रडतच बाहेर आली. सुकलाल पुढं धावला.

"काय झालं बेटा? आत गडबड होती का?"

"नाही पप्पा. आपल्या घरासारखंच एकदम शांत होतं."

पूर्णिमानं डोळे पुसले.

"तुम्ही माझ्यासाठी लूम बंद केले, म्हणून बोलले नाही. पण खटखट थांबली त्या दिवसापासून माझं एकही गणित सुटलं नाही, पप्पा."