ऐन क्षणीचा अंधार

मास्तरांनी नवा कॅमेरा डोळ्याला लावला आणि दुकानाच्या काचेतून समोरच्या टाकीवर बसलेली घार धरली. बटण दाबलं. मग कॅमेरा खाली घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

"चालू आहे ना हा?"

"ढीगभर फोटो निघालेसुद्धा, काका," दुकानदार म्हणाला. "मिररलेस आहे. आत आरसाच नाही, त्यामुळे खटका नाही की मध्येच अंधार नाही. सलग दिसत राहतं."

"अंधार नाही?" मागं बाकावर बसलेल्या मास्तरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी पुन्हा डोळा लावला. "नाही गं. खरंच नाही."

त्या अंधारातच तर मास्तरीणबाईंची नोकरी होती. जुन्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं की आतला आरसा वर उडायचा, खट्ट व्हायचं, आणि नेमकं त्याच वेळी मास्तरांच्या डोळ्यापुढं काळोख. ज्या क्षणाचा फोटो, तोच क्षण त्या माणसाला जन्मात कधी दिसला नाही. म्हणून झुडपाआड शेजारी बसलेल्या बायकोला ते कुजबुजत विचारायचे, "काय केलं गं त्यानं?" आणि ती सांगायची. कान टवकारला. डोळा मिटला, गेला फुकट. जांभई दिली मेल्यानं. रोल धुऊन येईपर्यंत तेवढीच काय ती बातमी, आणि रोल आला की तिचंच खरं निघायचं. शिवणकामावर तयार झालेली नजर ती, चुकणार कशी? घरात भिंतभर हरणं, कोल्हे, घुबडं होती. त्यातल्या एकाही फोटोत ती नव्हती आणि एकही फोटो तिच्यावाचून झाला नव्हता. किती सुखाचे दिवस होते ते, चटके देणाऱ्या उन्हातले आणि मुंग्या चावणारे.

"आणि हे बघा," दुकानदार म्हणाला, "पक्ष्याच्या डोळ्यावर चौकोन येतो. मान हलली तरी तो डोळा सोडत नाही."

डोळ्यावर धरा, डोळ्यावर, हे आजवर तीच सांगत आली होती. चला, तेही गेलं.

कालच मुलगा फोनवर म्हणाला होता, "आई, नवा कॅमेरा आला की बाबांना सोबत लागणार नाही. तू आता घरी बसून गुडघे सांभाळ." पोरगं बोललं मायेनंच. पण मायेनं बोललेलं टोचत नाही, असं थोडंच आहे. आणि यावर मास्तर अजून हो म्हणाले नव्हते की नाही.

"हा हलका आहे," मास्तर म्हणाले. "हाच बरा."

"फोटोच काढायचे तर उत्तम. तो दुसरा जड पडतो, पण व्हिडिओ झकास. याच्यातही व्हिडिओ निघतो म्हणा, पण आवाज यथातथाच."

"व्हिडिओ कशाला? मला काय लग्नं लावायचीत जनावरांची?"

"बघा तरी एकदा," म्हणत दुकानदारानं व्हिडिओ चालू करून दुसरा कॅमेरा हातात दिलाच.

मास्तर काचेशी उभे राहिले. मास्तरीणबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन उभ्या राहिल्या. तीच त्यांची नेहमीची जागा. दुकानदारानं दार ढकलून उघडलं, समोर मोकळं आभाळ आलं, आणि त्यांचं तोंड सवयीनं आपोआप सुरू झालं.

"थांबा. दबून बसलीय. शिटली बघा. आता उडणार."

घार उडाली. मास्तरांचा हात मागं राहिला आणि कॅमेऱ्यात नुसती टाकी उरली.

"गेली," मास्तरीणबाई म्हणाल्या.

दुकानदारानं व्हिडिओ लावला. छोट्या पडद्यावर घार दिसली, आणि सगळ्या दुकानात स्पष्ट, खणखणीत कुजबुज ऐकू आली. शिटली बघा. आता उडणार. मास्तरीणबाईंनी जीभ चावली आणि पदर तोंडाला लावला. पडद्यावर रिकामी टाकी, वर आभाळ, आणि त्यावर त्यांचाच आवाज, गेली.

मास्तरांनी तो व्हिडिओ पुन्हा लावला. मग आणखी एकदा.

"काही काळजी करू नका, काकू," दुकानदार समजुतीनं म्हणाला. "माइक बंद करता येतो. काका, ते बटण दाखवतो, म्हणजे मागचं बोलणं अजिबात येणार नाही."

"ते बटण मला दाखवूच नका," मास्तर म्हणाले. "हा द्या."

"अहो, जड आहे तो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि घार कुठं धड आलीय त्यात?"

"घारी काय, पुष्कळ आहेत."

दुकानदार खोकं काढायला आत वळला. मास्तरांनी कॅमेरा काउंटरवर अलगद ठेवला, घसा खाकरला आणि त्याला मागून हाक मारली.

"अहो, एक विचारायचं होतं. घडीचं स्टूल कुठं मिळेल इथं? जरा उंच. गुडघे दुमडावे लागणार नाहीत असं."

मास्तरीणबाई काचेतून रिकाम्या टाकीकडे बघत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"पाठ टेकता येईल असं विचारा," त्या म्हणाल्या, झुडपाआड बोलायच्या तेवढ्याच हळू.