दूध बंद

साल चौऱ्याहत्तर. लालासाहेबांचा सात वर्षांचा बाळू चार पायऱ्या चढला, तरी भिंत धरून धापा टाकायचा. त्याच्या आईला, हौसाबाईला, समजवायला इस्लामपूरच्या दवाखान्यातून शकिला नर्स घरी आली, तेव्हा तो तूप-साखरेची वाटी चाटत बसला होता; शेजारी त्याची धाकटी बहीण दूध पीत होती.

"पोरांना भाजी, भाकरी, डाळ पोटभर द्या. दूध, तूप, साखर मात्र आवरा. अंगावर चढलेली चरबी म्हणजे ताकद नव्हे," शकिला म्हणाली.

हौसाबाईनं तिच्या काटकुळ्या अंगावरून नजर फिरवली. "नर्सबाई, तुमच्या घरात दुभतं न्हाई वाटतं. आमच्या लेकरांचं खाणं डोळ्यांत खुपतंय व्हय?"

शकिलाला त्या बाईची शिसारी आली. तरीही ती तीन महिने दर आठवड्याला त्या घरी जात राहिली आणि तेच तेच सांगत राहिली.

शेवटी एकदा हौसाबाईनं तिला दारातच गाठलं. "ऐकलं बरं का तुमचं. आठ दिस झालं, दूध बंद, तूप बंद."

आपल्या चपला झिजल्याचं सार्थक झालं, असं शकिलाला वाटलं. तेवढ्यात बाळू दुधाचा पेला तोंडाला लावूनच बाहेर आला.

"मग हे काय?" शकिलानं विचारलं.

हौसाबाई तुच्छतेनं हसली. "आवं, शिकलेल्या बाईला येवढं कळंना?



त्यो वंशाचा दिवा हाय. बंद केलंय ते पोरीचं."