सात वेशींचा नकाशा

“मालिकेला चंद्रावरचं पुस्तकच बरं,” कुसुम तांदूळ निवडता निवडता म्हणाली. “एक चंद्र आणि चार पत्र्याची माणसं. दूरदर्शनला परवडेल तरी. तुमच्या सात वेशींच्या नगराला हत्ती कोण देणार?”

“हत्तींचं मी बघतो!” तिचा नवरा उदय उसळला. तिकडे परवापरवापर्यंत दर रविवारी सगळा देश देवांच्या मालिकांसाठी टीव्हीला हार घालून बसत होता. पण देवादिकांखेरीज कुणाची गोष्ट पडद्यावर यायलाच नको का? चेटक्या राजाने वेढलेलं नगर, त्याच्या सात वेशी, प्रत्येक वेशीवर एक लढाई. असली कादंबरी मराठीत आहे आणि तिची मालिका होत नाही, म्हणजे शुद्ध करंटेपणा!

इराकी फौज कुवेतमध्ये शिरल्यापासून सलवा वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये या मालिकेखेरीज दुसरा विषय नव्हता. हॉस्पिटलची लॅब बंद. टीव्ही लावावा तर बगदादची गाणी. माणसाने दिवसभर करायचं काय? उदयने चार्टपेपरवर अख्खं नगर काढलं होतं. काळ्या वेशी, शत्रूच्या हिरव्या छावण्या, फौज कुठून घुसणार त्याचे लाल बाण, आणि जिथे जिथे कॅमेरा ठेवायचा तिथे लाल फुल्या. सुटून मुंबईला गेलो की थेट वरळीला, दूरदर्शन केंद्रात नेऊन दाखवतो, म्हणे.

खालच्या मजल्यावरचा यूसुफ भिंतीला टेकून ऐकत होता. हा रत्नागिरीकडचा, कोपऱ्यावर त्याचं किराण्याचं दुकान. लुटालुटीतून वाचलेला तांदूळ आणि दुधाची पावडर तो निम्मं वर आणून देई आणि रोज दुपारी गोष्टीचा पुढचा भाग ऐकून जाई. उदय होता लॅब टेक्निशियन. पण पांढरा कोट घालतो तो डॉक्टर, असा यूसुफचा हिशेब. उदयने तो कधी मोडला नव्हता.

“मग, चौथी वेस पडली,” यूसुफ म्हणाला, “तं पुढं काय झालं, डॉक्टर?”

दारावर बंदुकीचा दस्ता आपटला.

झडती होती. लपलेले कुवेती आणि हत्यारं शोधत सैनिक घरोघर फिरत होते. त्यांनी कपाटं उघडली, गाद्या उलटल्या, पिठाच्या डब्यात हात घालून पाहिला. मग एकाला सोफ्यामागे चार्टपेपर सापडला. त्याने तो उलगडला आणि हवालदाराला हाक मारली.

हवालदार बराच वेळ बघत राहिला. समुद्रकाठचं नगर, त्याला अर्धगोल रस्ते, रस्त्यांच्या तोंडाशी वेशी. आणि तेव्हा कुठे उदयच्या डोक्यात उजेड पडला. अरे देवा, हे तर कुवेत! इतकी वर्षं इथे काढलेल्या माणसाच्या हाताला दुसरं शहर ठाऊकच नव्हतं. त्या कुवेतवर लाल बाण होते, लाल फुल्या होत्या.

“माल मनू?” हवालदार गरजला. कुणाचं हे?

उदयला हॉस्पिटलपुरतं अरबी येई. कुठे दुखतं, हात पुढे करा, झालं. ‘माझं’ म्हणायला तेवढं पुष्कळ होतं. पण त्याची बोबडी वळली. हात मात्र नीट चालला. त्याने यूसुफकडे बोट दाखवलं.

यूसुफने त्या बोटाकडे पाहिलं, मग कुसुमकडे, मग दाराआड उभ्या असलेल्या तिच्या छोट्या लेकीकडे, सुरुचीकडे.

“माझंच,” तो अरबीत म्हणाला.

त्यांनी त्याला मानेला धरून जिन्यावरून खाली नेलं. चार्टपेपरही नेला. जीप गेल्याचा आवाज आला.

“त्याला अरबी चांगलं येतं,” उदय म्हणाला. “तो पटवून सांगेल. मी गेलो असतो तर मला एक वाक्य धड...”

कुसुम पुन्हा तांदूळ निवडायला बसली. ते तांदूळ यूसुफचेच होते.

“बट पपा,” सुरुची म्हणाली, “यू ड्रू दॅट.”

“चूप बस!” तो ओरडला, आणि स्वतःच्या आवाजाचीच त्याला शिसारी आली. मग तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. नजर रस्त्यावर होती, तरी यूसुफ जीपमधून उतरलाच तर त्याला तोंड कसं दाखवायचं, हीच धास्ती.

संध्याकाळची मगरिबची बांग होऊन गेल्यावर यूसुफ आला. डावा गाल सुजून डोळा मिटला होता. ओठ फाटला होता. कुसुमने पाणी दिलं, ते त्याने हळूहळू, एका बाजूने प्यायलं. उदयला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“यूसुफभाई, मी...”

“ऱ्हाऊ द्या ते. आधी ऐका. मी त्यांना सांगितलं, ही गोष्ट हाय, हिची सिरियल करायचीय. त्यांच्या ठाण्यावरला साहेब हसला. म्हणाला, गोष्ट असेल तं सांग. सांगितली. जेवढी तुमच्याकडून ऐकली तेवढी, चौथ्या वेशीपर्यंत. पुढचं मला येत नाय.” त्याने ओठावरचं रक्त पुसलं. “सकाळी परत बोलावलंन. गोष्ट खरी असेल तं तिला शेवटही असेल, बोलला. नसला, तं मग मी खोटा.”

कुसुम उदयकडे बघत होती. मी येतो उद्या, नकाशा माझा आहे. एवढंच तर म्हणायचं होतं. उदयने घसा खाकरला.

“पाचव्या वेशीवर,” तो म्हणाला, “राजाची धाकटी बहीण पहाऱ्याला असते...”

यूसुफने हात वर केला.

“थांबा. जरा सावकाश. आजवर मी तुमचं मन राखायला ऐकत होतो, डॉक्टर. आज नीट ऐकायचंय.”