आधी थोरलीचा हात

नवरीचा चुडा भरून झाला. मेहरुन्निसाने हात पुसले, समोर बसलेल्या दोघी बहिणींकडे एकदा नीट पाहिलं आणि सरळ सुलाचा हात पुढे ओढला.

"नवरीनंतर आत्यांचा मान. आणि आत्यांत आधी थोरलीचा हात. सरका बाई पुढं."

दोघींचा भाऊ शेखर, त्याच्या पंचवटीतल्या घरच्या हॉलमध्ये बसलेल्या बायकांपैकी कुणी हसलं, कुणी तोंडाला पदर लावला. सुला होती धाकटी. लंका तिच्याहून चांगली पाच वर्षांनी मोठी. पण बांगडीवाली या घरात पहिल्यांदाच आलेली, तिला काय ठाऊक?

सुलाने हात मागे घेतला नाही. डझनभर हिरव्या बांगड्या मनगटात जाईपर्यंत ती गप्प बसली. मग म्हणाली, "मी धाकटी आहे. थोरली ती."

"तौबा!" मेहरुन्निसाने जीभ चावली. "माफ करा हां बाई. या इतक्या टवटवीत दिसतात, मला वाटलं..."

"असू दे गं," लंका म्हणाली. ती धड हसलीसुद्धा नाही, ओठांची टोकं तेवढी हलवली.

"लंका आत्याला हसायचं नाहीये," नवरी वेदिका मोठ्या कौतुकाने सांगू लागली. "तिने गालात धागे घालून घेतलेत. दहा दिवस झाले. ऑपरेशन नाही, कापाकापी नाही. सुईने कातडीखाली धागे सरकवतात आणि वर ओढतात, की लोंबलेले गाल जागेवर! धागे नंतर आपोआप विरघळतात. आधी मशीनने करून पाहिलं होतं, पण त्याने एवढा फरक नाही पडला. आता थोडे दिवस जोरात हसायचं नाही, कडक काही चावायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही."

"आणि रडायचं?" सुलाने विचारलं.

"तेही नाही," लंका म्हणाली.

खोटं कशाला सांगा, सुलाचा नुसता जळफळाट झाला. निफाडच्या द्राक्षबागेत तीस वर्षं छाटणी आणि विरळणी करून तिचं तोंड उन्हाने पार करपलं होतं. सकाळीच तिने बाथरूमच्या आरशात दोन बोटांनी गाल वर ओढून पाहिले होते. बोटं काढली की गाल पुन्हा खाली.

पण तिचं खरं दुखणं गालांचं नव्हतंच. ते आईचं होतं. लहानपणापासून भागीबाई लंकाचं तोंड दोन्ही हातांत धरायच्या, गालांवरून हात फिरवायच्या आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायच्या. माझ्या गोरीला कुणाची दृष्ट नको लागायला! सुला पाया पडली की डोक्यावर हात ठेवून 'सुखी राहा' म्हणायच्या, झालं. पन्नास वर्षांत सुलासाठी त्यांनी एकदासुद्धा बोटं मोडली नव्हती. सुला हे कुणाजवळ बोलली नव्हती, पण विसरलीही नव्हती.

लंकाचा एक हात भरून झाला. तिने तो वर करून आईला दाखवला. खुर्चीत बसलेल्या भागीबाईंना राहवलं नाही.

"अगं माझी बाय ती! तूच नवरी दिसतीस!" म्हणत त्यांनी लंकाच्या तोंडाकडे दोन्ही हात नेले.

"आई! हात नको लावू!" लंका झटकन मागे सरकली. "डॉक्टरांनी सांगितलंय, तोंडाला कुणी हात लावायचा नाही. धागा सरकला म्हणजे?"

भागीबाईंचे हात तसेच अधांतरी राहिले. "मी काय मारतीय का तुला? दृष्ट काढतीय."

"मग लांबूनच काढ ना."

"लांबून कशी निघंल? लय शहाणी!"

भागीबाईंना हात खाली घ्यावेत की तसेच धरावेत, कळेना. तेवढ्यात सुला उठली. आपण काय करतोय याचा तिने विचारच केला नाही. आईच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली आणि त्या मोकळ्या हातांखाली स्वतःचं तोंड नेलं.

"मग माझी काढ."

भागीबाईंचे हात सुलाच्या कपाळावरून, डोळ्यांवरून, गालांच्या सुरकुत्यांवरून हनुवटीपर्यंत आले. त्यांनी बोटं आपल्या कानशिलांवर टेकवली आणि दाबली. कडाकड, कडाकड. जितकी बोटं मोडतात तितकी दृष्ट लागलेली असते, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

"अगं बया!" भागीबाई आपल्याच हातांकडे बघत म्हणाल्या. "दहाच्या दहा मोडली! एवढी कुणाची दृष्ट लागली गं तुला?"

सुलाला आधी हसूच फुटलं. तिच्यावर कोण जळणार? ती तोंडभर हसली आणि हसता हसता रडायला लागली, ओठ वेडेवाकडे करून, नाक ओढत, लहान पोरीसारखी. भागीबाई तिच्या ओल्या गालांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिल्या.

तिकडे मेहरुन्निसाने लंकाचा दुसरा हात धरला होता. लंका आईकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नव्हती, पण बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडली ती पुढे सरकेना.

"मूठ सोडा बाई," मेहरुन्निसा हळूच म्हणाली. "किती आवळलीय! बांगडी पिचेल."