शेवटच्या नळाचा रंग

"रजिस्टरमध्ये रोज पिवळाच आहे, साहेब," ऑपरेटर म्हणाला. "एक दिवस चुकलेला नाही."

साहेबांनी पानं उलटली. "मग शेवटच्या गावात चाळीस माणसं जुलाबानं आडवी कशी? एक बाई काल गेली. चौकशी आली की काय तोंड दाखवू?"

"लाइन कुठेतरी फुटली असेल, घाण शिरली असेल. माझ्या कामात खोट नाही."

पाणीयोजनेत सतरा गावं. शेवटच्या नळाचं पाणी रोज काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे. पिवळं झालं म्हणजे जलशुद्धीकरण केंद्रावर टाकलेली जंतुनाशक पावडर तिथवर पोचली. रंग फिका आला तर पावडर वाढवायची, गडद आला तर कमी करायची.

तो नळ केंद्रापासून छत्तीस किलोमीटरवर, ऑपरेटरच्या आईच्याच अंगणात. रोज तेवढं कोण जाणार? त्यानं नळी नि बाटली आईकडेच ठेवली. सकाळी सातला तो फोन करी, ती रंग सांगे, तो लिहून घेई. गेले दोन महिने ती "गडद पिवळा" म्हणत होती. तो पावडर कमी करत गेला होता.

दुपारी तो गावात शिरला. शेजारच्या घरापुढे माणसं खाली मान घालून बसली होती. त्याच्या मोटरसायकलकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

आई दारातच होती. "आलास? गाडीच्या आवाजावरून ओळखलं मी." तिनं त्याच्या गालांवरून हात फिरवला. "दाढी वाढलीय. वेळेवर जेवतोस का नाही?"

"तुला काही त्रास नाही ना झाला?"

"मला काय धाड भरलीय? शेजारीण मात्र गेली रे. रोज हाक मारायची."

घरात भर दुपारी दिवा जळत होता. त्यानं तो बंद केला. भिंतीवर कॅलेंडरचं पान दोन महिन्यांमागचं.

"आई, हे तपासणीचं काम आता दुसऱ्या कुणाला देतो. तुझ्यामागे नसती कटकट."

"नको रे." ती घाईनं म्हणाली. "तेवढ्यासाठी तरी तुझा फोन येतो."

"एरवीही करीन की."

"केलास बाबा. बाटली दिलीस त्याआधी वर्षात किती केलेस, सांग बघू."

तो फळीवरून नळी नि बाटली घेऊन अंगणात आला. नळीवर धूळ होती. बाटली त्यानं उन्हात धरली. दोन महिन्यांपूर्वी दिलेली बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

मग तो परत आला आणि नळी आईच्या डोळ्यांपुढे धरली.

"आई, हा बघ. आजचा रंग काय?"

तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली नि हसली.

"पिवळाच की रे. चांगला गडद."

नळी कोरडी होती. त्यानं अजून नळ उघडलाच नव्हता.