कोरडे राहिलेले लॅपटॉप

पंचगंगेचं पाणी शाळेच्या पटांगणात शिरलं, तेव्हा शिपाई वत्सलाबाई संगणक कक्षातले लॅपटॉप दोन-दोन करून वरच्या मजल्यावर नेत होत्या. मुख्याध्यापक पलीकडच्या गावात अडकले होते. तीस लॅपटॉप आणि त्या एकट्या.

तेवढ्यात लेकीचा, सुकन्याचा, फोन आला. पुराच्या धास्तीनं तिला मामाकडं धाडलं होतं. "आई, हरणीला सोडलंस न्हवं?"

हरणी म्हणजे सुकन्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली शेळी. ती घरामागं खुंट्याला बांधलेली होती.

"एवढं वर ठेवते आन् लगेच जाते बाळा."

शेवटचा लॅपटॉप ठेवून त्या खाली उतरल्या, तर पाणी कमरेला लागलं. घराच्या वाटेवर ते छातीपर्यंत चढलं. नावेतल्या माणसांनी त्यांना बळंच ओढून घेतलं. "आरं, माझी शेळी बांधल्याली हाय रं!" त्या ओरडत राहिल्या. नाव मागं फिरली नाही.

पूर ओसरल्यावर शाळेत त्यांचा सत्कार झाला. "एकाही लॅपटॉपला पाणी लागलं नाही," मुख्याध्यापक म्हणाले. वत्सलाबाईंनी मान खाली घालून शाल घेतली.

दुसऱ्या दिवशी सातवीचा संगणकाचा तास होता. वत्सलाबाई दाराशी थबकल्या. सगळ्यांनी लॅपटॉप उघडले होते. मामाकडून परतलेली सुकन्या तेवढी मिटलेल्या लॅपटॉपसमोर हाताची घडी घालून बसली होती.

"उघड की गं," शेजारची मैत्रीण म्हणाली. "तुझ्याच आईनं वाचवलाय."

"म्हणूनच नको," सुकन्या म्हणाली.